लुई ब्रेल : शाळेनंतरची वाट



६ जानेवारी हा तीन राजांच्या सणाचा परंपरागत दिवस. १८५२ साली ह्याच दिवशी पॅरिसमध्ये लुई ब्रेल ह्यांनी देह ठेवला. अंधांच्या लिपीचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. ते चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत, हे आपल्याला फारसे ठाऊक नसते.

त्यांचा जन्म १८०९ साली फ्रान्समधील कुप्व्रे गावी झाला. वडील घोड्यांचे खोगीर बनवीत. तीन वर्षांचा लुई वडिलांच्या हत्याराशी खेळत असताना ते डोळ्यात घुसले. जखम चिघळली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. त्या काळी अशा पुष्कळ मुलांच्या नशिबी भीक मागणेच येई. पण आईवडिलांनी त्याला घरात कोंडून ठेवले नाही. गावचे धर्मगुरू फादर पालुई ह्यांनी त्याला स्वतः शिकवले. तो गावच्या शाळेत डोळस मुलांसोबत बसू लागला. १८१९ साली, दहाव्या वर्षी, तो पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला.

त्या शाळेत अभ्यासाबरोबर हाताला कामही मिळे. मुले विणकाम करीत, सपाता बनवीत, संगीत शिकत. शाळा सोडल्यावर पोट कसे भरायचे, ह्याचा विचार तेथे आधीपासून होत असे. पंधराव्या वर्षी लुईने टिंबांची लिपी बहुतेक सिद्ध केली. १८२९ साली ती छापून प्रसिद्ध झाली. पुढे ते त्याच शाळेत शिक्षक झाले आणि १८३४ पासून पॅरिसच्या एका चर्चमध्ये ऑर्गनवादक. त्याच शाळेतले क्लोद मोंताल हेही अंध. ते पियानो सुरात लावण्याची विद्या शिकले, ती त्यांनी इतरांना शिकवली आणि अनेक अंध तरुणांना मानाची भाकर मिळाली.

ब्रेल ह्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १८५४ साली, त्यांची लिपी शाळेने अधिकृतपणे स्वीकारली.

हे चरित्र वाचताना आम्हांला आमचीच चूक दिसते. धर्मग्रामातील अपंग मुलांचे प्रथम कम्युनियन आणि दृढीकरण आपण आनंदाने करतो. शाळा संपते, आणि ही मुले घरात दिसेनाशी होतात. आम्ही त्यांच्या घरी कम्युनियन घेऊन जातो. पण मिस्सेत वाचन करशील का, गायनमंडळात येशील का, असे त्यांना कधी विचारत नाही. पालकांनो, दहावीची वाट न पाहता आत्ताच आम्हांला भेटा. दुकानदार, कारागीर बांधवांनो, तुमच्याकडे शिकवण्यासारखे एखादे काम असेल, तर कळवा. फादर पालुईंनी एका मुलापासूनच सुरुवात केली होती.

– आपले धर्मगुरू