जोसेफ-आर्मां बोंबार्डिए

जोसेफ-आर्मां बोंबार्डिए (जन्म : १६ एप्रिल १९०७, वाल्कूर, क्वेबेक, कॅनडा, मृत्यू : १८ फेब्रुवारी १९६४, शेरब्रुक, क्वेबेक) हे कॅनडातील यंत्रज्ञ, संशोधक व उद्योजक होते. बर्फावरून धावणारी पट्ट्याची वाहने व्यवहारात आणणारे आणि आजच्या हलक्या स्नोमोबाईलचे जनक म्हणून ते ओळखले जातात. त्यांच्या आडनावाचा फ्रेंच उच्चार बोंबार्डिए असा असला, तरी मराठी वृत्तपत्रांत त्यांच्या उद्योगसमूहाचे नाव बहुधा बॉम्बार्डियर असे छापले जाते. विमाने आणि २०२१ पर्यंत मेट्रोचे डबेही बनविणारा हा समूह एका खेड्यातील गॅरेजातून उभा राहिला, आणि ते गॅरेज ज्या प्रश्नाभोवती वाढले तो प्रश्न अगदी साधा होता : बर्फ पडल्यावर गावाबाहेर जायचे कसे?

पार्श्वभूमी

क्वेबेकच्या ग्रामीण भागात हिवाळा चार ते पाच महिन्यांचा असतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील खेड्यांतले रस्ते हिवाळ्यात मोकळे केले जात नसत. बर्फ पडू लागला की मोटारी वसंत ऋतूपर्यंत कोठारात उभ्या राहत आणि वाहतूक घोड्यांच्या घसरगाड्यांवर येई. घोड्यांचे पाय रुतू नयेत म्हणून ठिकठिकाणी जड लाकडी रोलर फिरवून बर्फ दाबला जाई. मोठे वादळ झाले की तीही वाट बुजे. मराठवाड्यात पक्के रस्ते होण्यापूर्वी पावसाळ्यात नदीपलीकडची गावे तुटत आणि आजाऱ्याला बाजेवर घालून न्यावे लागे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या परिस्थितीची कल्पना सहज येईल. फरक इतकाच, की पूर दोन-चार दिवसांत ओसरतो. क्वेबेकचा बर्फ एप्रिलपर्यंत हलत नाही.

मोटारीला बर्फ का जुमानत नाही, हेही समजून घेणे आवश्यक आहे. ताजा बर्फ भुसभुशीत असतो. चाकाचा जमिनीला टेकणारा भाग लहान असल्याने सारे वजन तेवढ्या जागेवर येते, चाक खाली जाते आणि जागच्या जागी फिरू लागते. काही दिवसांनी बर्फाच्या पृष्ठभागावर कठीण कवच धरते. ते माणसाला पेलते, वाहनाखाली मात्र फुटते. हिवाळा संपत आला की बर्फ ओला होऊन यंत्राच्या भागांना चिकटतो व रात्री तेथेच गोठतो. वाहन या सर्व अवस्थांत चालायचे, तर त्याचे वजन मोठ्या पृष्ठभागावर पसरले पाहिजे आणि त्याच्या फिरत्या भागांत बर्फ साचता कामा नये. बोंबार्डिए यांच्या आयुष्यातील बहुतेक संशोधन या दोन अटींभोवती फिरते.

बालपण व शिक्षण

आल्फ्रेद बोंबार्डिए आणि आना ग्राव्हेल यांच्या आठ अपत्यांपैकी जोसेफ-आर्मां हे थोरले. वडील शेती व व्यापार करीत. मुलाला लहानपणापासून यंत्रे खोलण्याचा नाद होता. टाकाऊ घड्याळांच्या चक्रांवर चालणारी खेळणी तो स्वतः बनवी. हा नाद एका जागी गुंतून राहावा, या हेतूने वडिलांनी त्याला फोर्ड मॉडेल टी गाडीचे जुने इंजिन दिले. ३१ डिसेंबर १९२२ रोजी, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने ते इंजिन घसरगाडीवर बसवून, त्याला हाताने कोरलेला लाकडी पंखा जोडून वाल्कूरच्या रस्त्यावर ती गाडी चालविली. धाकटा भाऊ लेओपोल्द पुढे बसून दिशा सांभाळत होता. गाडी सुमारे एक किलोमीटर धावली. मागे उघडा फिरणारा पंखा पाहून वडील घाबरले आणि त्यांनी ती तत्काळ मोडायला लावली. वडिलांचा निर्णय योग्यच होता, असे आज कोणीही म्हणेल.

मुलाने धर्मगुरू व्हावे अशी आईवडिलांची इच्छा होती. त्यानुसार तो शेरब्रुक येथील सेमिनरीत शिकत होता. परंतु सतराव्या वर्षी त्याने ते शिक्षण सोडून गॅरेजात उमेदवारी पत्करली. पुढे मॉंट्रियल येथे मेकॅनिकचे काम करीत असताना फावल्या वेळात त्याने यंत्रशास्त्र व विद्युत या विषयांचा अभ्यास केला. १९२६ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, वडिलांकडून कर्ज घेऊन त्याने वाल्कूर येथे स्वतःचे गॅरेज उघडले. हे कर्ज तीन वर्षांत फेडले गेले. ७ ऑगस्ट १९२९ रोजी त्यांचा विवाह इव्हॉन लाब्रेक यांच्याशी झाला.

उन्हाळ्यात गॅरेजचे काम भरपूर असे, हिवाळ्यात मोटारीच बंद असल्याने ते जवळजवळ थांबे. या रिकाम्या महिन्यांत बोंबार्डिए हिमवाहनाचे नमुने तयार करीत, चालवून पाहत आणि पुन्हा मोडीत.

मुलाचा मृत्यू

१९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा इव्हॉं याला आंत्रपुच्छाचा विकार होऊन पोटात दाह पसरला. रुग्णालय शेरब्रुक येथे, साधारण ५० किलोमीटरवर होते. रस्ते बर्फाने बंद होते आणि गॅरेजातील वाहन चालण्याच्या स्थितीत नव्हते. मूल दगावले.

या दुःखातून स्नोमोबाईलची कल्पना जन्माला आली, अशी मांडणी अनेक ठिकाणी आढळते. ती तंतोतंत खरी नाही. १९२२ पासून त्यांचे प्रयोग चालूच होते आणि बर्फावर चालणारी यंत्रे करणारे ते एकटेही नव्हते. आडोल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्याने त्याआधीच मोटारींना लवचिक पट्टे बसविले होते, तर अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात कार्ल एलियासन यांनी १९२४ मध्ये मोटारीवर चालणारी लहान घसरगाडी तयार केली होती. मुलाच्या मृत्यूने बोंबार्डिए यांना विषय दिला नाही. तो त्यांच्याजवळ होताच. मात्र जे काम बारा वर्षे रेंगाळत होते, ते त्यानंतर वर्ष-दीड वर्षात तडीस गेले.

दातेरी चाक आणि पट्टा

१९३५ मध्ये त्यांना हवी ती रचना सापडली. मोटारसायकलची साखळी जशी स्प्रॉकेटच्या दात्यांवरून फिरते, तसा त्यांचा पट्टा एका दातेरी चाकावरून फिरे. मात्र साखळी पोलादी असते, तर येथे रबराचे दोन लांब पट्टे समांतर ठेवून ते पोलादी आडपट्ट्यांनी जोडलेले होते. दातेरी चाकालाही रबराचे आवरण होते. रबरामुळे पट्टा थंडीत लवचिक राही, त्यावर बर्फ फारसा धरत नसे आणि वजनही बेताचे राही. पुढे दिशा देण्यासाठी स्की बसविलेल्या असत. या रचनेचे पेटंट त्यांना जून १९३७ मध्ये मिळाले.

तिच्यावर आधारलेले पहिले विक्रीयोग्य वाहन म्हणजे सात जणांना नेणारे बी-७. प्लायवूडची बंदिस्त खोली असलेले हे वाहन डॉक्टर, टपाल खाते, हॉटेलमालक आणि प्रवासी वाहतूकदार यांनी उचलून धरले. ज्या कामासाठी १९३४ मध्ये वाहन मिळाले नव्हते, ते काम आता ठिकठिकाणचे डॉक्टर या गाड्यांतून करू लागले. मागणी वाढल्याने १९४० मध्ये वर्षाला २०० वाहने तयार करू शकणारा कारखाना उभा राहिला. त्यानंतर बारा आसनांचे बी-१२ आले. त्याच्या सुधारणांपैकी एक वरवर किरकोळ दिसते : आऱ्यांच्या चाकांत बर्फ अडकून घट्ट होई, म्हणून भरीव तबकडीसारखी चाके वापरण्यात आली. बर्फाळ वाटेवर रात्रंदिवस वाहने चालवून पाहणाऱ्यालाच असल्या गोष्टी सुचतात.

१९४२ मध्ये त्यांनी आपल्या व्यवसायाची रीतसर कंपनी स्थापन केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखान्याच्या रचनांवरून सैन्यासाठी सुमारे १९०० पट्ट्याची वाहने बनविण्यात आली. युद्धानंतर शाळकरी मुलांना नेणारी मोठी गाडीही निघाली.

१९४८ चा फटका

१९४८ मध्ये क्वेबेक सरकारने ग्रामीण रस्ते हिवाळ्यातही साफ ठेवण्याचे धोरण स्वीकारले. खेड्यांच्या दृष्टीने ही मोठी सोय होती. बोंबार्डिए यांच्या गाड्यांचे प्रयोजनच तिने हिरावून घेतले. त्यांची विक्री एका वर्षात जवळपास चाळीस टक्क्यांनी घसरली. सार्वजनिक सोय झाली की खाजगी सोयीची गरज सरते, याला कोणाचा इलाज नसतो. बर्फाने अडलेला रुग्ण रुग्णालयात पोहोचावा, हा हेतू सरकारी नांगरांनी त्यांच्या यंत्रांपेक्षा अधिक पूर्णपणे साधला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

त्यांनी धोरणाविरुद्ध तक्रार करीत बसण्याऐवजी रस्ताच नसलेल्या प्रदेशांकडे मोर्चा वळविला. जंगलतोड, तेलाचा शोध, दलदलीतील बांधकाम अशा कामांसाठी त्यांनी १९५३ मध्ये मस्केग नावाचा पट्ट्याचा ट्रॅक्टर काढला. रुंद पट्ट्यांमुळे जमिनीवरील भार अतिशय कमी होई. काळ्या मातीच्या ओल्या रानात बैलगाडी आसापर्यंत रुतते, तशा ठिकाणीही तो चालू शके. व्हिव्हियन फुक्स यांच्या नेतृत्वाखाली १९५७-५८ मध्ये अंटार्क्टिका खंड जमिनीवरून प्रथमच पार करणाऱ्या तुकडीच्या वाहनांत एक मस्केग होता. ९९ दिवसांच्या या प्रवासात तो शेवटपर्यंत मात्र गेला नाही. भार हलका करण्यासाठी वाटेतच सोडून देण्यात आला.

स्की-डू

एक-दोन माणसांना नेणारे लहान वाहन ही त्यांची जुनी इच्छा होती. त्यासाठी पुरेसे हलके इंजिन उपलब्ध नव्हते. पन्नाशीच्या दशकात अशी इंजिने मिळू लागली. त्याच सुमारास थोरला मुलगा जेर्मेन याच्या प्रयत्नांतून सांधा नसलेला अखंड रबरी पट्टा तयार झाला. या दोहोंच्या मेळातून १९५९ मध्ये स्की-डू साकारली. पहिल्या नमुन्यांपैकी एक त्यांनी आपले मित्र, मिशनरी मोरिस विमे, यांना उत्तर ऑन्टारिओतील लॅन्सडाउन हाउस या दुर्गम वस्तीत नेऊन दिला. विमे हे तोवर कुत्र्यांच्या घसरगाडीने हिंडत. वाहनाचे नाव मुळात स्की-डॉग, म्हणजे कुत्र्याची जागा घेणारे, असे ठरले होते. छपाईच्या चुकीने ते स्की-डू झाले व तसेच राहिले, असे सांगितले जाते.

पहिल्या हंगामात २२५ गाड्या विकल्या गेल्या, तर १९६३-६४ च्या हंगामात हा आकडा ८२१० वर पोहोचला. मिशनरी, फासेपारधी, सर्वेक्षक यांच्यासाठी कल्पिलेले हे वाहन हौशी लोकांनी मनोरंजनासाठी विकत घेतले. बोंबार्डिए यांनी विस्तार सावधपणे केला. एका सरकारी निर्णयाने बाजार कसा कोसळतो, याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

कर्करोगाने १८ फेब्रुवारी १९६४ रोजी, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतर

एप्रिल १९६८ मध्ये राल्फ प्लेस्टेड या अमेरिकन विमा व्यावसायिकाच्या तुकडीने स्की-डू गाड्यांवरून उत्तर ध्रुव गाठला. उत्तर कॅनडाच्या किनाऱ्यावरील बेटापासून सरळ रेषेत सुमारे ७७० किलोमीटरचे हे अंतर कापण्यास त्यांना ४३ दिवस लागले, कारण समुद्रावरील बर्फ सपाट नसतो. दाबाने उभ्या राहिलेल्या बर्फाच्या भिंती कुऱ्हाडीने फोडून वाट करावी लागे आणि अचानक उघडलेल्या पाण्याच्या भेगांना वळसा घालावा लागे. ध्रुवावर पोहोचलेल्या चौघांपैकी एक, जां-ल्युक बोंबार्डिए, हा आर्मां यांचा पुतण्या होता. पृष्ठभागावरून ध्रुव गाठल्याचा निर्विवाद मानला जाणारा हा पहिला प्रवास होय.

उत्तरेकडील इन्युइट व अन्य आदिवासी समाजांत १९६० च्या दशकात स्नोमोबाईलने कुत्र्यांच्या घसरगाडीची जागा झपाट्याने घेतली. शिकारीच्या फेऱ्या काही दिवसांवरून काही तासांवर आल्या. त्याबरोबर पेट्रोल व सुट्या भागांसाठी रोख पैसा लागू लागला. कुत्रा वादळातही घरची वाट शोधतो. बंद पडलेले यंत्र माणसाला उघड्यावर सोडते. या बदलाकडे केवळ प्रगती म्हणून पाहणे एकांगी ठरेल.

क्वेबेकमध्ये स्नोमोबाईलवरून अनेक दिवसांची भ्रमंती हा आता हिवाळी पर्यटनाचा रुळलेला प्रकार आहे. त्यासाठी स्थानिक क्लब हजारो किलोमीटरच्या वाटा सांभाळतात. दिवसभराच्या रहदारीने वाटेवर उंचवटे तयार होतात. रात्री यंत्राने ते खरवडून बर्फ दाबला जातो व पहाटेपर्यंत गोठून तो कठीण होतो. थंडी कमी पडली, तर ही क्रिया नीट होत नाही आणि वाटा बंद ठेवाव्या लागतात. गोठलेली सरोवरे ओलांडताना धोका अधिक असतो, कारण वरचा बर्फ पांघरुणासारखा उष्णता धरून ठेवतो आणि त्याखाली पाणी व बर्फाचा चिखल दडलेला असू शकतो. भारतात सियाचीन भागात सैन्य अशा वाहनांचा उपयोग करते, तर गुलमर्ग येथे पर्यटकांना त्यांची सफर घडविली जाते.

कंपनीची धुरा प्रथम जेर्मेन यांच्याकडे व १९६६ पासून जावई लॉरां बोदुआं यांच्याकडे आली. पुढे तिने रेल्वे व विमाननिर्मितीत प्रवेश केला. दिल्ली मेट्रोचे बरेच डबे तिच्या गुजरातमधील सावली येथील कारखान्यात बनले. स्नोमोबाईलचा विभाग २००३ मध्ये वेगळा झाला आणि रेल्वे विभाग २०२१ मध्ये आल्स्टॉम या फ्रेंच कंपनीकडे गेला. क्वेबेकमधील ५५ क्रमांकाच्या महामार्गाला बोंबार्डिए यांचे नाव आहे. वाल्कूर येथे १९७१ मध्ये त्यांच्या नावे संग्रहालय सुरू झाले. १९२६ चे गॅरेज तेथे जतन केलेले आहे.