भास्कराचार्य (द्वितीय)

भास्कराचार्य (जन्म: शके १०३६, इ.स. १११४) हे बाराव्या शतकातील भारतीय गणितज्ञ व ज्योतिषी होते. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जलवीड हे त्यांचे गाव. त्याच्या स्थानाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू होते. वयाच्या ३६व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग आहेत.

धन संख्येला दोन वर्गमुळे असतात आणि ऋण संख्येला वर्गमूळ नसते, असे ‘बीजगणित’ भागात सांगितले आहे. त्यातील वानरांचे उदाहरण विशेष प्रसिद्ध आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून उरलेल्या संख्येचा वर्ग केला, तितके वानर गुहेत गेले आणि एक फांदीवर चढलेला दिसला. वर्गसमीकरण सोडवल्यावर ५० आणि ५ अशी दोन उत्तरे मिळतात. मात्र ५ चा पाचवा भाग १. त्यातून ३ वजा केल्यास उणे २ उरतात. ऋण राशी लोकांना पटत नाही, या कारणाने भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर त्याज्य ठरवले. आजच्या परिभाषेत (क्ष/५ − ३)² + १ या वर्ग फलनाचा प्रांत सर्व वास्तव संख्या, म्हणजे (−∞, ∞) हा आहे, परंतु कळपाच्या अटीमुळे तो [१५, ∞) या अंतरालातील, ५ ने भाग जाणाऱ्या पूर्णांकांपुरता मर्यादित होतो. अंतरालाची ही चिन्हे अर्थातच बऱ्याच नंतरची आहेत.

इ.स. ११८३च्या सुमारास त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ लिहिला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चंगदेव याने चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापन केला. तेथील शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.