चित्रं आगीत गेली, दगडांचे फोटो उरले. अजिंठ्याच्या रॉबर्ट गिलची गोष्ट

परतूरहून मंठ्याच्या रस्त्याने पुढे गेलं की लोणार लागतं. लोक सरोवर बघतात आणि परत फिरतात. गावातल्या दैत्यसूदन मंदिराकडे वळणारे कमीच. या मंदिराचे फोटो १८६० च्या दशकातच काढले गेले होते आणि ते काढणारा माणूस मराठवाड्याला भलत्याच कारणासाठी माहीत आहे. मेजर रॉबर्ट गिल. हो, पारोचा गिल!

जन्म १८०४ चा, लंडनचा. कोवळ्या वयातच तो मद्रास आर्मीत भरती झाला. पण हात चित्रकाराचा. अजिंठ्याची चित्रं नष्ट होण्याआधी त्यांच्या नकला करून घ्या, असा आग्रह जेम्स फर्ग्युसन आणि लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने धरला होता. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये हे काम गिलकडे दिलं.

गिल अजिंठा गावातल्या बारादरीत राहिला. लेण्यांमध्ये अंधार, वटवाघळं आणि मधमाश्या. तिथे भलेमोठे कॅनव्हास उभे करून तो १८६३ पर्यंत रंगवत राहिला. याच काळात पारो त्याच्या आयुष्यात आली आणि १८५६ मध्ये गेली. तिची समाधी आजही अजिंठ्यात आहे.

पूर्ण झालेले कॅनव्हास लंडनला जात. त्यातले बहुतेक क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले होते. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि जवळपास वीस वर्षांची मेहनत राख झाली.

पण तोवर गिलच्या हातात कॅमेरा आला होता.

तेव्हाचा फोटो म्हणजे मोठाच खटाटोप. काचेवर रसायन ओतायचं, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच फोटो घेऊन लगेच धुवायची. म्हणजे अंधारी खोलीही सोबतच न्यायची! शिवाय प्रकाश बराच वेळ आत घ्यावा लागे. तेवढ्यात माणूस हलला की फोटो गेला. मंदिराचा खांब मात्र हलत नाही. सकाळी किंवा दुपार उतरल्यावर तिरपं ऊन पडलं की कोरीव कामाची सावली उठून दिसते. जुन्या वास्तूंसारखा विषय दुसरा नव्हता.

१८६४ मध्ये गिलच्या फोटोंची दोन पुस्तकं लंडनमध्ये निघाली. दोन्हींतला मजकूर फर्ग्युसनचा. एकात लेण्यांचे ७४ फोटो. दुसऱ्यात शंभर जोडफोटो, जे स्टिरिओस्कोपमधून पाहिले की खोली दिसते. या शंभरात वास्तूंच्या बरोबरीने शिकारीतले प्राणीही आहेत. गिल पट्टीचा शिकारी होता आणि त्या कॅमेऱ्यापुढे जिवंत वाघ थांबणार थोडाच!

एक गोष्ट मात्र या कॅमेऱ्याला जमणारी नव्हती. त्या काचांना निळा प्रकाश चटकन कळे, तांबडा आणि पिवळा जवळजवळ काळाच उमटे. अजिंठ्याच्या भिंतींवर तर गेरू आणि पिवळ्या मातीचेच रंग जास्त. म्हणजे जी चित्रं वाचवायला गिल आला, ती काचेवर नीट उतरलीच नसती. म्हणून चित्रांच्या नकला पुन्हा हातानेच कराव्या लागल्या. १८७२ पासून हे काम मुंबईच्या कलाशाळेतल्या जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलं. त्यातलाही बराच भाग १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेला.

गिलचे लोणारचे फोटो आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे.