बाटली नंबर ५३-एन

बारामती किंवा इंदापूरच्या कॉलेजात तुम्ही केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी किंवा पर्यावरणशास्त्र शिकत असाल, तर पाण्याचा नमुना घेणं कधी ना कधी तुमच्या वाट्याला येणारच. नीरेचं पाणी, कऱ्हेचं पाणी, उजनीच्या फुगवट्याचं पाणी, नाहीतर एमआयडीसीतलं सांडपाणी. पुढे एखाद्या टेस्टिंग लॅबमध्ये नोकरी धरलीत, की ‘एनएबीएल’ हा शब्द रोज कानावर पडेल. लेबल लावा, वेळ लिहा, सही करा, रजिस्टर भरा. बऱ्याच जणांना वाटतं, ही तर कारकुनी झाली, यात सायन्स कुठे आहे?

या ‘कारकुनी’चं मोल एका फार मोठ्या शास्त्रज्ञाच्या आयुष्यातून कळतं. मुंबईत परळला त्यांच्या नावाची संस्था आहे, नाव तुम्ही ऐकलेलं असणार. वाल्देमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा ते शहर रशियन साम्राज्यात होतं. विद्यापीठात मेचनिकॉव्हसारखा गुरू लाभला. पण झारच्या राज्यात ज्यू माणसाला प्राध्यापकी मिळणं अवघड होतं. धर्म बदलला असता तर वाट मोकळी झाली असती, पण त्यांनी तो बदलला नाही. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जागा मिळाली ती ग्रंथालयात. तीही त्यांनी आनंदाने घेतली आणि पुस्तकं सांभाळता सांभाळता जंतूंवर काम सुरू केलं. १८९२ मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि आधी स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ती लस घेऊन ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना मिळालं काय, तर एक खोली आणि एक व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर त्यांनी प्लेगचे जंतू वाढवायला घेतले. युक्ती बघा, जंतूंना वाढायला आधार हवा म्हणून त्यांनी रश्शावर तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांना धरून जंतूंच्या वाढीचे धागे खाली लोंबू लागले. मग ही वाढ उष्णता देऊन मारायची, की झाली लस.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही आधी स्वतःला टोचली. ताप आला, अंग दुखलं, पण माणूस कामावर हजर. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग पसरला. तिथल्या ज्या कैद्यांनी स्वखुशीने तयारी दाखवली त्यांना लस दिली आणि ज्यांनी घेतली नाही त्यांच्याशी तुलना केली. प्रॅक्टिकलच्या वहीत तुम्ही ‘कंट्रोल’ लिहिता ना, तेच हे.

ते दिवस कसे होते याची कल्पना यावी म्हणून एक तारीख सांगतो. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता प्लेगनेच गेल्या. हाफकिन यांनी स्वतःला टोचून घेतल्याला तेव्हा फक्त दोन महिने झाले होते.

१८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात गेली. देशभरातून मागणी येत होती, लाखो डोस बाहेर पडत होते. या लशीत आधी जंतुनाशक म्हणून कार्बोलिक ॲसिड घालत. मागणी वाढली तशी हाफकिन यांनी पद्धत बदलली. कार्बोलिक काढून टाकलं आणि निर्जंतुकीकरण फक्त उष्णतेवर ठेवलं. शास्त्राच्या दृष्टीने यात चूक नव्हती, पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येही तसंच चालायचं.

मग आला ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या १९ जणांना पुढे धनुर्वात झाला आणि ते सगळेच्या सगळे दगावले. या १९ जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. बाटलीचा नंबर ५३-एन. बाकीच्या बाटल्यांमधून लस घेतलेल्यांना काहीही झालं नाही.

चौकशी बसली. निष्कर्ष निघाला, की बाटली उघडण्याच्या आधीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेत, दूषित झाली. पद्धत बदलून कार्बोलिक वगळल्याचं खापरही हाफकिन यांच्यावर फुटलं. त्यांना पदावरून बाजूला करण्यात आलं. ज्यांच्या लशीने असंख्य जीव वाचले, ते १९ जणांचे मारेकरी ठरवले गेले.

पण मुल्कोवालच्या साक्षींमध्ये एक छोटी गोष्ट दडलेली होती. बाटलीचं बूच काढायचा चिमटा सहायकाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यात जरासा हलवला आणि तसाच वापरला. ज्योतीवर धरलाच नाही. धनुर्वाताचे जंतू असतात मातीत आणि त्यांचे बीजाणू चिवट. नुसत्या विसळण्याने ते मरत नाहीत. शिवाय बाटली भरून ४१ दिवस झाले होते. इतके दिवस आत धनुर्वाताचे जंतू वाढत असते, तर बूच काढताच घाण वास आला असता. तसा वास तर कुणालाच आला नव्हता.

हे सगळं लोकांसमोर यायला वर्षं गेली. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन निर्दोष असल्याचं ठामपणे मांडलं. त्याच वर्षी सरकारने त्यांना दोषमुक्त केलं. म्हणजे एका चिमट्यापायी पाच वर्षं गेली. ते भारतात परतले, पण परळला नाही, कलकत्त्याला. पूर्वीसारखी मोकळीक त्यांना पुन्हा मिळाली नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांनी भारत सोडला. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं.

आता ही गोष्ट आपल्या भागात आणून बघा. हाफकिन यांची बाजू कशामुळे टिकली? बाटलीवर नंबर होता, भरल्याची तारीख होती आणि कुठल्या बाटलीतून कुणाला टोचलं ते माहीत होतं. एवढं होतं म्हणून शोध एका बाटलीपर्यंत आला. ते घसरले कुठे? परळहून निघालेली बाटली गावात कशी हाताळली गेली, यावर त्यांचा काहीच ताबा नव्हता. आजचं आयएसओ १७०२५ हे मानक आणि त्यानुसार प्रयोगशाळांना मान्यता देणारं एनएबीएल नेमक्या याच जागा पकडतात. पद्धत बदलायची तर आधी पडताळून कागदावर आणा. नमुना कुणी, कुठून, किती वाजता घेतला, कुणाच्या हाती दिला, सगळं लिहा. काम करणाऱ्याला प्रशिक्षण द्या आणि ते दिल्याची नोंदही ठेवा.

जंतुतपासणीसाठी धातूच्या नळाचं पाणी घेताना नळाचं तोंड आधी ज्योतीने शेका, असं सर-मॅडम सांगतात ना? मुल्कोवालला चिमट्याच्या बाबतीत नेमकं हेच राहिलं होतं. बुचाची आतली बाजू बोटाला लागू द्यायची नाही, बाटली बर्फाच्या पेटीतच ठेवायची, हेही त्याच जातीचे नियम. भिगवणला घेतलेला नमुना भर दुपारी गाडीच्या डिकीत टाकून आणलात, तर वाटेत जंतू वाढतात, विरघळलेला ऑक्सिजन बदलतो. मग रिपोर्ट उजनीचा येत नाही, डिकीचा येतो. आणि त्याच रिपोर्टवर एखाद्या वस्तीला ते पाणी प्यायचं की नाही, कारखान्याला नोटीस द्यायची की नाही, हे ठरणार असतं.

म्हणून नमुन्याच्या फॉर्मवरचा ‘वेळ’चा रकाना नदीकाठीच भरा. संध्याकाळी रूमवर बसून अंदाजाने भरू नका.