रविवारचे जनक : नारायण मेघाजी लोखंडे

आमच्या घरी रविवारला वेगळेपण नाही. वडील कोळसा खाणीत ठेकेदाराकडे रोजीने जातात. खाणीत सुट्टी असली की ते शहरात विटा उतरवायला जातात, कारण त्या दिवसाची रोजी मिळत नाही. आई उन्हाळ्यात माहेरी गडचिरोलीकडे तेंदूपत्ता तोडायला जाते. पहाटे जंगलात जायचे, 70 पानांचा एकेक पुडा बांधायचा आणि सायंकाळी फळीवर मोजून द्यायचा. हंगाम थोड्या दिवसांचा, त्यात पावसाची भीती. तिथे वार कोण बघतो?

मला मात्र शाळेपासून रविवारी सुट्टी. कामगारांना ती कोणी मिळवून दिली, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ग्रंथालयात वाचताना नारायण मेघाजी लोखंडे हे नाव भेटले आणि याच माणसाविषयी लिहायचे असे मी ठरवले.

लोखंडे यांचा जन्म 1848 साली ठाण्याला एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. शिक्षण शाळेपुरतेच झाले. पुढे त्यांनी रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केली आणि नंतर मुंबईच्या मांडवी भागातील एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. गिरणी कामगारांचे हाल त्यांनी तिथे जवळून पाहिले. सूर्य उगवला की काम सुरू आणि मावळला की बंद. आठवड्याची हक्काची सुट्टी नाही आणि पगार वेळेवर मिळेल याची खात्री नाही.

महात्मा जोतीराव फुले यांचे ते सहकारी आणि सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी 1877 साली पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ पत्र लोखंडे यांनी 1880 पासून मुंबईतून चालवले. नोकरीवर पाणी सोडून त्यांनी कष्टकऱ्यांची बाजू मांडली.

1884 साली त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली. भारतातील कामगार संघटनेचा आरंभ येथून मानतात. त्या वर्षी परळला कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे 5500 कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, ठरलेल्या तारखेच्या आत पगार आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, अशा त्यातील मागण्या होत्या. शेवटची मागणी वाचताना मला वडिलांचे दोन बोट गेलेले सोबती आठवले.

मागण्या लगेच मान्य झाल्या नाहीत. लोखंडे सहा वर्षे मागे हटले नाहीत. 24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत सुमारे 10,000 कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या, याचे मला फार अप्रूप वाटते. अखेर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. 1891 च्या कारखाना कायद्यानेही साप्ताहिक सुट्टीला जागा दिली.

लोखंडे यांचे काम गिरणीपुरते नव्हते. विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्यांनी मुंबईच्या नाभिकांना संघटित केले. 1893 च्या हिंदू-मुसलमान दंग्यानंतर ते शांततेसाठी झटले. सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. 1897 साली मुंबईत प्लेगची साथ पसरली असताना रुग्णांची सेवा करता करता त्यांना त्याच रोगाने गाठले. 9 फेब्रुवारी रोजी ते वारले. वय पन्नाशीच्याही आत होते. 2005 साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले.

हे सारे एका रात्री मी वडिलांना वाचून दाखवले. 1952 च्या खाण कायद्यात आठवड्यातून सहा दिवसांपेक्षा जास्त काम करवून घेऊ नये असे म्हटले होते, हेही सांगितले. त्यांनी मन लावून ऐकले आणि विचारले की त्या सुट्टीच्या दिवसाची रोजी लोखंडे यांनी मागितली होती काय. मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. ते नेहमीप्रमाणे डबा घेऊन निघाले.

मित्रहो, रविवारी आपण उशिरा उठतो तेव्हा लोखंडे यांची आठवण ठेवू या. आणि ज्यांच्या घरी सुट्टीच्या दिवशी चूल पेटण्याची काळजी असते, त्यांच्यासाठी त्यांचे अर्धे राहिलेले काम कोणी पुढे न्यायचे, याचाही विचार करू या. माझ्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मी शोधतो आहे. गुरुजनांपैकी कोणाला ठाऊक असल्यास त्यांनी मला जरूर सांगावे.