ज्याच्या नावाची दुर्बीण अंतराळात आहे, तो जेम्स वेब शास्त्रज्ञ नव्हताच!

जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेले दीर्घिकांचे फोटो तुमच्याही मोबाईलवर आले असतील. हबल दुर्बिणीला नाव मिळालं ते एका खगोलशास्त्रज्ञाचं. मग वेबही तसेच कुणी असतील, असं वाटणं साहजिक आहे. पण हा माणूस होता वकील आणि प्रशासक.

जन्म १९०६ चा, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातला. मरीन कोअरमध्ये वैमानिक झाले, कायदा शिकले. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या काळात त्यांनी सरकारी अर्थसंकल्पाचं खातं सांभाळलं. फेब्रुवारी १९६१ मध्ये केनेडींनी त्यांना नासाचं प्रमुख केलं. दोनच महिन्यांत रशियाचा गागारिन अंतराळात जाऊन आला आणि मे महिन्यात केनेडींनी जाहीर केलं, हे दशक संपायच्या आत माणूस चंद्रावर उतरवायचा.

आता पैसा आणायचा कुठून? अभियंत्यांचा अंदाज होता १० ते १२ अब्ज डॉलरचा. वेब यांनी मात्र २० अब्जांचा आकडा पुढे केला. अडचणी येणार आणि खर्च वाढणार, हे हिशेबात मुरलेल्या या माणसाला पक्कं ठाऊक होतं. शेवटी खर्च २० अब्जांच्याही पुढे गेला.

केनेडींना चंद्र सगळ्यात आधी हवा होता. नोव्हेंबर १९६२ च्या बैठकीत वेब यांनी थेट राष्ट्राध्यक्षांशीच वाद घातला. चंद्राच्या नादात बाकीचं विज्ञान मागे पडू नये, हा त्यांचा मुद्दा होता. त्यांच्याच काळात मरीनर २ शुक्राजवळून गेलं आणि १९६५ मध्ये मरीनर ४ ने मंगळाचे जवळून काढलेले पहिले फोटो पाठवले. तोवर नासा, कंपन्या आणि विद्यापीठं मिळून सुमारे ४ लाख लोक अपोलोच्या कामाला लागले होते.

आणि मग आली २७ जानेवारी १९६७ ची संध्याकाळ. जमिनीवरच्या चाचणीत अपोलो १ च्या केबिनला आग लागली. आत शुद्ध ऑक्सिजन होता आणि दार आतल्या बाजूला उघडणारं. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिन्ही अंतराळवीर गेले.

वेब यांनी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना गाठलं आणि चौकशी नासाकडेच ठेवण्याची परवानगी मिळवली. यावर टीका झाली. कंत्राटदार कंपनीच्या कामावर ताशेरे ओढणारा नासाचाच जुना अहवाल बाहेर आला, तेव्हा संसदेत त्यांची चांगलीच कोंडी झाली. त्यांच्या प्रतिमेला तडा गेला. पण संसदेतले घाव ते स्वतः झेलत राहिले आणि अभियंते यान सुधारत राहिले. दार झटकन बाहेर उघडेल असं केलं, पेट घेणाऱ्या वस्तू काढल्या, उड्डाणाआधी केबिनमध्ये नायट्रोजन मिसळायचं ठरलं.

७ ऑक्टोबर १९६८ ला, ६२ व्या वाढदिवशी, वेब यांनी पद सोडलं. चारच दिवसांनी सुधारलेल्या यानातून अपोलो ७ चे तीन अंतराळवीर झेपावले. २० जुलै १९६९ ला माणूस चंद्रावर उतरला, तेव्हा खुर्चीत दुसरंच कुणी होतं.

१९९२ मध्ये वेब यांचं निधन झालं आणि २००२ मध्ये दुर्बिणीला त्यांचं नाव मिळालं. ट्रुमन काळात समलैंगिक कर्मचाऱ्यांना नोकरीतून काढलं गेलं, तेव्हा वेब परराष्ट्र खात्यात वरच्या पदावर होते, म्हणून या नावावर आक्षेपही आले. त्यात त्यांच्या थेट सहभागाचा पुरावा सापडला नाही, असं सांगत नासाने नाव कायम ठेवलं.

रॉकेटचं एकही गणित वेब यांनी सोडवलं नाही. गणितं सोडवणाऱ्यांना पैसा, वेळ आणि पाठबळ मिळवून देणं, हे त्यांचं काम होतं.