राजा रविवर्मा
राजा रविवर्मा (२९ एप्रिल, इ.स. १८४८ - २ ऑक्टोबर, इ.स. १९०६) हे भारतीय चित्रकार होते. पाश्चात्त्य तैलरंगपद्धतीने त्यांनी रंगविलेली पौराणिक चित्रे प्रसिद्ध आहेत. ही चित्रे सामान्यांच्या घरी पोहोचावीत म्हणून त्यांनी मुंबईत छापखाना काढला. प्लेगच्या जागतिक साथीत त्यांना तो शहराबाहेर हलवावा लागला आणि पुढे विकावा लागला.

पूर्वायुष्य
रविवर्मा यांचा जन्म त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. चित्रकलेचे पहिले धडे त्यांना मामा राजराजवर्मा यांच्याकडून मिळाले. त्रावणकोरचे महाराज आयिल्यम तिरुनाळ यांनी त्यांना आश्रय दिला. इ.स. १८७३ च्या व्हिएन्ना येथील प्रदर्शनात त्यांच्या चित्रास पारितोषिक मिळाले. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्यासाठी त्यांनी पौराणिक प्रसंगांची चित्रमालिका रंगविली.

छापखान्याची स्थापना
राजवाड्यातील चित्र मूठभर लोकांनाच पाहावयास मिळे. या चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, अशी सूचना तंजावरच्या मराठी समाजातील दिवाण सर टी. माधवराव यांनी पूर्वीच केली होती. त्यानुसार इ.स. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू झाला. यंत्रे व तंत्रज्ञ जर्मनीहून आणले होते. व्यवस्था रविवर्मांचे धाकटे बंधू, चित्रकार सी. राजराजवर्मा पाहत.

येथे शिळाछाप पद्धतीने रंगीत चित्रे निघत. प्रत्येक रंगछटेसाठी स्वतंत्र दगड तयार करावा लागे आणि एकच कागद एकामागून एक अनेक दगडांवर अचूक बसवून छापावा लागे. कागद केसभर सरकला तरी चित्र बिघडे. त्यामुळे हा धंदा भांडवलाइतकाच कुशल हातांवर अवलंबून होता.

प्लेगची साथ
चीनमधील युन्नान प्रांतातून पसरलेली प्लेगची साथ इ.स. १८९४ मध्ये हाँगकाँगला आणि इ.स. १८९६ मध्ये मुंबईस पोहोचली. मांडवी भागातील पहिले रुग्ण डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखले. पुढील काही महिन्यांत लाखो लोकांनी शहर सोडले. इ.स. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा लागू झाला. घरांची झडती आणि रेल्वे प्रवाशांची तपासणी सुरू झाली. कामगार व गिऱ्हाईक दोन्ही पांगल्याने मुंबईतील उद्योगांना फटका बसला.

रविवर्मांनी छापखाना बंद न करता इ.स. १८९९ मध्ये लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविला. मळवली मुंबई-पुणे लोहमार्गावर असल्याने दाट वस्तीपासून दूर जाऊनही मुंबईच्या बाजारपेठेशी व बंदराशी संबंध राहत होता. मात्र स्थलांतराने आर्थिक अडचण सुटली नाही. छापखाना तोपर्यंत कर्जात बुडाला होता. त्याच सुमारास १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ पडला.

विक्री
अखेरीस विसाव्या शतकाच्या आरंभी रविवर्मांनी हा छापखाना आपले जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकला. त्याबरोबर आपली चित्रे छापण्याचे हक्कही त्यांनी दिले. मालकी गेली, पण यंत्रे थांबली नाहीत. श्लायशर यांनी देवदेवतांच्या चित्रांबरोबर व्यापारी लेबले व जाहिरातींची छपाई सुरू करून धंद्यास स्थैर्य आणले. उत्तम चित्रे निर्माण करणे आणि छापखाना चालविणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे या दोन कालखंडांच्या तुलनेतून दिसते. दादासाहेब फाळके यांनीही काही काळ या छापखान्यात काम केले. गोध्रा येथील त्यांचा छायाचित्रणाचा व्यवसाय प्लेगमध्ये पत्नी व अपत्य गेल्यानंतर बंद पडला होता.

अखेरची वर्षे व वारसा
इ.स. १९०४ मध्ये रविवर्मांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले. इ.स. १९०५ मध्ये राजराजवर्मा यांचे निधन झाले आणि पुढील वर्षी रविवर्माही निवर्तले. मळवलीचा छापखाना इ.स. १९७२ मध्ये आगीत नष्ट झाला. त्यात अनेक मूळ छापचित्रे जळाली. तथापि लक्ष्मी, सरस्वती यांची तेथे छापलेली चित्रे तोवर महाराष्ट्रातील व देशभरातील असंख्य देवघरांत पोहोचली होती. ज्या उद्योगात रविवर्मांना तोटा झाला, त्यानेच त्यांचे नाव घरोघरी नेले.